अंदाज चुकला की उद्दिष्ट हुकलं?

"महागाई चार टक्के म्हणाले होते, कुठं आहे चार?" बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीवाल्यांच्या बोलण्यात हे हमखास येतं. रागाला कारण आहे, पण त्यात रिझर्व्ह बँकेच्या दोन आकड्यांची गल्लत होते. चार टक्के हे उद्दिष्ट. ते केंद्र सरकारनं २०१६ मध्ये कायद्यानुसार ठरवून दिलं, वर-खाली दोन टक्क्यांची सूट धरून. अंदाज मात्र बँकेचा स्वतःचा, आणि तो दर बैठकीला बदलू शकतो.

चिकोडी-निपाणीकडच्या ऊसवाल्याला हा फरक समजवावा लागणार नाही. कारखान्यानं बांधलेला साखर उताऱ्याचा अंदाज चुकला म्हणून कुणी कोर्टात जात नाही. एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १४ दिवसांत द्यायची, हा मात्र कायदा आहे.

उद्दिष्ट हुकलं असं कधी म्हणायचं, तेही कायद्यातच आहे: सलग तीन तिमाहींत सरासरी महागाई ६ टक्क्यांच्या वर किंवा २ च्या खाली राहिली तर. मग बँकेनं सरकारला कळवायचं की का हुकलं, काय करणार आणि ताळ्यावर कधी येणार. २०२२ मध्ये जानेवारी ते सप्टेंबर नेमकं हेच झालं. ३ नोव्हेंबरला बँकेच्या पतधोरण समितीची (व्याजदर ठरवणाऱ्या) खास बैठक बसली, अहवाल दिल्लीला गेला, पण बँकेनं तो लोकांपुढे ठेवला नाही. ठेवावा असं कायदा म्हणत नाही. शिक्षा तर नाहीच. इंग्लंडात महागाई उद्दिष्टापासून एक टक्क्याहून जास्त ढळली की तिथल्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर अर्थमंत्र्यांना पत्र लिहितात आणि ते कुणालाही वाचता येतं.

अंदाजाचं उलट आहे. तो सगळ्यांसमोर असतो, चुकला तर कायद्यानं कुणी जाब विचारत नाही. १० फेब्रुवारी २०२२ ला बँकेनं २०२२-२३ साठी ४.५ टक्के सांगितले, एप्रिलमध्ये ५.७, जूनमध्ये ६.७. मधे युक्रेनचं युद्ध आलं, मान्य. पण जानेवारीची महागाई युद्धाआधीच सहाच्या वर गेली होती. पुढं २०२५-२६ साठी चूक दुसऱ्या बाजूला झाली: फेब्रुवारीत ४.२, डिसेंबरपर्यंत २.०.

मग "अंदाजच तो, चुकणारच" म्हणून सोडायचं? मला ते पटत नाही, कारण रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो) ठरवताना पुढच्या महागाईच्या अंदाजालाच मोठं वजन असतं. आणि ऑक्टोबर २०१९ पासून छोट्या उद्योगांना बँका बदलत्या व्याजानं जी नवी कर्जं देतात, ती रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेली असतात. मुंबईत अंदाज चढा धरला की उद्यमबागेतलं व्याजही जास्त दिवस चढं राहतं. २०२५ च्या ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये रेपो ५.५ वरच ठेवला. ऑक्टोबरची महागाई ०.२५ टक्के निघाली, आणि डिसेंबरात पाव टक्का कपात झाली.

बँकेच्या सहामाही पतधोरण अहवालात अंदाज आणि प्रत्यक्ष यांतल्या तफावतीची कारणं असतात, पण ती बँकेनंच स्वतःबद्दल लिहिलेली. बँक ऑफ इंग्लंडनं मात्र आपली अंदाजाची पद्धत तपासायला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख बेन बर्नान्के यांना बोलावलं. एप्रिल २०२४ मध्ये त्यांचा अहवाल जाहीर झाला, बँकेच्या जुनाट सॉफ्टवेअरवरच्या टीकेसकट.