इसार घेतला म्हणजे माल विकला का? विक्री आणि विक्रीचा ठराव

बी.कॉम.ला बिझनेस लॉ शिकणारी आमच्याकडची पोरं दरवर्षी एकाच जागी अडकतात, माल विक्री कायदा १९३०, कलम ४. तिथं दोन शब्द शेजारी शेजारी आहेत, विक्री आणि विक्रीचा ठराव, म्हणजे सेल आणि अ‍ॅग्रीमेंट टू सेल. पोरं वहीत दोन रकाने पाडून सात-आठ फरक पाठ करतात, पेपरात उतरवून येतात, मार्कही पडतात, पण एखादा खरा व्यवहार समोर ठेवला की गडबडतात. त्यात खेड्यात ठराव म्हटलं की ग्रामसभेचाच ठराव आठवतो, त्यामुळं शब्दच आधी नीट बसत नाही. मलाही हा फरक पुस्तकातून कळला नव्हता, आमच्या बगीच्यात कळला.

आमचं गाव मोर्शी तालुक्यात, सगळा संत्र्याचा पट्टा. मी सेकंड इयरला होतो त्या वर्षी मृगाचा बहार झकास लागला होता. जानेवारीत व्यापारी आला, झाडाझाडाखालून फिरला, दोन-चार फळं फोडून पाहिली आणि बाबांशी हजारी भाव, म्हणजे हजार फळांमागं अमुक रुपये, ठरला. फळ मोठं आणि बिनडागी पाहिजे, तोडा महिन्याभरानं आम्ही करून द्यायचा, मोजणी आमच्या माणसानं करायची, बारीक फळ बाजूला काढायचं. वहीच्या कागदावर चार ओळी, खाली दोघांच्या सह्या, आणि पन्नास हजार इसार. बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "विकला बगीचा."

फेब्रुवारीत एका संध्याकाळी गारपीट झाली, पंधरा-वीस मिनिटं असेल. सकाळी झाडाखाली पाय ठेवायला जागा नव्हती, पानं, कवळ्या फांद्या आणि फुटलेली फळं यांचा नुसता चिखल, आणि जी फळं झाडावर राहिली होती त्यातलं एक हातात घेतलं तर गार लागली तिथं सालीला बोटाचं टोक बसेल एवढा खळगा आणि त्यातून रस झिरपत होता. बाबांनी व्यापाऱ्याला फोन लावला, "भाऊ, तुमच्या मालाचं लय नुकसान झालं, येऊन पाहून जा." तिकडून उत्तर आलं, "माल तं तुमचाच होता ना पाटील, म्या अजून मोजला बी नाही. माझा इसार वापस करजा."

बाबांना वाटलं हा माणूस फसवतोय. मलाही तेच वाटलं आणि रागानंच पुस्तक उघडलं.

कलम ४ मध्ये असं आहे की विक्री करार हे मोठं नाव, त्याच्या पोटात दोन प्रकार येतात. करार झाला त्याच क्षणी मालाची मालकी विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडं गेली तर ती विक्री. मालकी पुढच्या कुठल्या तारखेला जायची असेल किंवा एखादी अट पूर्ण झाल्यावर जायची असेल तर तो विक्रीचा ठराव, आणि ती तारीख आली किंवा अट पुरी झाली की त्याच ठरावाची विक्री होते. बस, मूळ फरक एवढाच आहे, बाकीचे सगळे फरक याच एका फरकाची पोरंबाळं आहेत.

आता गंमत नाही, खरी अडचण इथंच आहे, की आपण मालकी कुठं आहे ते दोन गोष्टींवरून ओळखायला जातो, पैसे दिले का आणि माल उचलला का. आणि कायदा सांगतो की या दोन्हीवरून ते ठरत नाही. कलम २० स्पष्ट आहे, ठराविक माल असेल, म्हणजे करार करतानाच नेमका कुठला ते ठरलेलं असेल, तो ताबा द्यायच्या स्थितीत, म्हणजे आहे तसा उचलून नेण्याजोगा असेल आणि करारात कुठली अट नसेल तर करार होताच मालकी जाते, मग पैसे नंतर द्यायचे असोत, माल नंतर न्यायचा असो की दोन्ही.

याचं जुनं उदाहरण म्हणजे टार्लिंग विरुद्ध बॅक्स्टर, इंग्लंडमधला १८२७ चा निकाल. एकानं ४ जानेवारी १८२५ ला वाळल्या गवताची एक गंजी १४५ पौंडाला विकली, पैसे ४ फेब्रुवारीला द्यायचे, गंजी १ मेपर्यंत तिथंच उभी राहणार, आणि पैसे दिल्याशिवाय घेणाऱ्यानं तिला हात लावायचा नाही. २० जानेवारीला गंजी जळाली. पैसे दिलेले नाहीत, गवताची काडी उचललेली नाही, तरी कोर्टानं सांगितलं की मालकी ४ जानेवारीलाच गेली होती, जळाली ती घेणाऱ्याची गंजी, त्यानं पैसे द्यावेत. आपल्याकडं सोयाबीनची गंजी जळाल्याच्या बातम्या दर हंगामात वाचतो, तेव्हा हा निकाल मला हमखास आठवतो.

याच्या बरोबर उलटा निकाल १९२२ चा, अंडरवूड विरुद्ध बर्ग कॅसल. तीस टनाच्या वरचं इंजिन, कारखान्याच्या काँक्रीटमध्ये पक्कं बसवलेलं. ते उखडून, सुटं करून रेल्वेवर चढवून द्यायचं काम विकणाऱ्याचं होतं. चढवताना ते मोडलं. कोर्ट म्हणालं ते ताबा द्यायच्या स्थितीतच आलं नव्हतं, मालकी गेलीच नव्हती, नुकसान विकणाऱ्याचं. आपल्या कायद्यात हेच कलम २१ आहे.

आता हे दोन निकाल डोळ्यापुढं ठेवून आमचा बगीचा पाहा. तोडा आम्ही करून द्यायचा होता, तो झाला नव्हता, म्हणजे इंजिन अजून काँक्रीटमध्येच. मोजणी आमच्या माणसानं करायची होती, तिच्याशिवाय एकूण किंमत निघत नव्हती, आणि विकणाऱ्यानं मोजून किंवा वजन करून किंमत काढायची बाकी असेल तर ते होऊन घेणाऱ्याला कळेपर्यंत मालकी जात नाही हे कलम २२. वरून माल फक्त मोठा आणि बिनडागी, मग झाडावरची नेमकी कुठली फळं व्यापाऱ्याची आणि कुठली आमची हे तोड्याआधी कोण सांगणार, आणि माल निश्चित झाल्याशिवाय मालकी सरकत नाही हे कलम १८. म्हणजे तिन्ही बाजूंनी तो विक्रीचा ठराव होता, आणि जोखीम मालकीच्या मागं चालते (कलम २६), म्हणून गारा पडल्या त्या आमच्याच मालावर.

इसाराचं काय, हा प्रश्न मला जास्त टोचत होता. कलम ८ सांगतं की ठराविक माल विकायचा ठराव झाला आणि जोखीम घेणाऱ्याकडं जायच्या आधी कोणाच्याही चुकीशिवाय माल नष्ट झाला, किंवा इतका खराब झाला की ठरावात सांगितल्यासारखा राहिलाच नाही, तर ठराव संपतो. एका ठरलेल्या वावरातल्या पिकाबद्दल १८७६ चा हॉवेल विरुद्ध कूपलंड हा निकाल आहे, २०० टन बटाटे द्यायचे होते, रोग पडला, ८० टनाच्या आसपासच निघाले, आणि कमी पडलेल्या मालासाठी घेणाऱ्याला भरपाई मिळाली नाही. म्हणजे व्यापारी आमच्याकडून संत्री मागू शकत नव्हता, आम्ही त्याच्याकडून किंमत मागू शकत नव्हतो. आणि असा करार संपला की घेतलेला फायदा परत करायचा, हे करार कायदा १८७२ च्या कलम ६५ मध्ये आहे. बाबांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे तो खोटं नव्हता बोलत." पन्नास हजार परत केले, दोन हप्त्यात.

हाच फरक कापसात किती बारीक होतो ते पाहा. घरात कापूस भरलेला आहे, खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी, येतो आणि म्हणतो, हा सगळा ढीग उक्ता, म्हणजे न मोजता एकरकमी, साठ हजाराला घेतला, उद्या गाडी पाठवतो, तुम्ही हो म्हणता. ती विक्री झाली. रात्री आग लागली तर कापूस त्याचा जळाला. तोच म्हणाला असता क्विंटलला अमुक भाव, उद्या तुम्ही काटा करून द्या, तर काटा होईपर्यंत कापूस तुमचा. माणसं तीच, ढीग तोच, पैसे दोन्हीकडं उद्याच, फक्त उक्ता आणि काटा एवढाच फरक, आणि त्यावर एका घराचं अख्खं वर्ष जातं.

घेणारा उलटला तर काय हेही यावरूनच निघतं. विक्री झाली असेल तर विकणारा पूर्ण किंमतीचा दावा लावू शकतो, कलम ५५. नुसता ठराव असेल तर सहसा नुकसानभरपाईच मागता येते, कलम ५६, म्हणजे भाव पडला असेल तर ठरलेला भाव आणि बाजारभाव यातला फरक. विकणाऱ्यानं माल दुसऱ्यालाच दिला तर ठरावातल्या घेणाऱ्याला फक्त भरपाई मिळते, कारण माल त्याचा झालेलाच नव्हता.

पेपरात एक चूक फार दिसते, पोरं इथं शेताच्या इसारपत्राचं उदाहरण देतात. देऊ नका. जमीन या कायद्यात येतच नाही, इथं माल म्हणजे जंगम वस्तू. शेताचं इसारपत्र आणि खरेदीखत हे मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५४ खाली येतं, तिथंही नुसत्या करारानं जमिनीत हक्क तयार होत नाही, पण कायदा वेगळा, उत्तर वेगळं. उभं पीक मात्र या कायद्यात माल म्हणून धरतात, म्हणून संत्र्याचं उदाहरण बिनधास्त द्या.

आणि एक शब्द कलम २६ मधला नक्की लिहा, "वेगळं ठरलं नसेल तर". जोखीम मालकीच्या मागं जाते, पण दोघांनी वेगळं ठरवलं नसेल तरच. आमच्या शेजारच्या काकांनी त्याच वर्षी बगीचा उक्ता दिला होता आणि त्यांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की आजपासून राखण आणि नुकसान घेणाऱ्याचं. गारा त्यांच्याही बगीच्यात पडल्या, व्यापाऱ्यानं रडत-कुथत का होईना पण ठरलेले पैसे दिले.

पुढच्या बहाराला बाबांनी चिठ्ठी लिहायला मला बसवलं. भाव, इसार, तोड्याची तारीख, सगळं झाल्यावर मी शेवटची ओळ लिहिली, झाडावरच्या मालाची जोखीम आजपासून घेणाऱ्याची. व्यापाऱ्यानं ती दोनदा वाचली, बाबांकडं पाहिलं आणि म्हणाला, मग हजारामागं भाव थोडा कमी धरावा लागन. बाबा म्हणाले, "धरा."