वितळवलेल्या रुपयांचा चषक: कलकत्ता फुटबॉल क्लबची पार्श्वभूमी

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास इंग्लंड आणि स्कॉटलंडचे रग्बी संघ एका चषकासाठी भिडतात. चषक चांदीचा, साधारण ४५ सेंटिमीटर उंच. त्याच्या तीन मुठी म्हणजे तीन नाग, आणि झाकणावर हत्ती. नाव ‘कलकत्ता कप’. सामना एक वर्ष एडिंबरोत, एक वर्ष लंडनच्या ट्विकनहॅमवर. कोलकात्यात तो कधीच होत नाही, आणि कोलकात्यातल्या बहुतेकांना त्याची खबरही नसते. ज्या क्लबच्या शिलकीतून हा चषक घडला तो मात्र अस्सल कोलकात्याचा, निव्वळ हौशी मंडळींचा आणि पहिल्या खेपेला जेमतेम पाच वर्षं टिकलेला. त्या क्लबचं सगळ्यात गाजलेलं काम कुठलं, तर स्वतःला बंद करून टाकणं.

सुरुवात झाली २५ डिसेंबर १८७२ रोजी. नाताळच्या दिवशी कलकत्त्यातल्या गोऱ्या मंडळींनी रग्बीचा सामना ठरवला. एका बाजूला इंग्लंडचे वीस जण, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे मिळून वीस. (तेव्हा संघ विसांचेच असत, पंधरा खेळाडूंचा नियम १८७७ मध्ये आला.) लोकांना मजा आली, आठवड्याभरात पुन्हा सामना झाला आणि जानेवारी १८७३ मध्ये ‘कलकत्ता फुटबॉल क्लब’ उभा राहिला. नावात फुटबॉल असलं तरी खेळ रग्बीचा. त्या काळी दोन्हींना सर्रास फुटबॉलच म्हणत. वर्षभरात १३७ सभासद झाले. त्यांत इंग्लंडच्या ‘रग्बी’ नावाच्या शाळेत शिकलेले माजी विद्यार्थी होते, पेढ्यांवर नोकरीला आलेले तरुण होते आणि लष्करातले लोक होते. १८७४ मध्ये क्लब थेट लंडनच्या रग्बी फुटबॉल युनियनचा सभासद झाला. ही युनियन स्वतःच तेव्हा तीन वर्षांची होती.

मग उतरती कळा लागली. त्याची कारणं क्लबच्या इतिहासात मोठ्या प्रामाणिकपणे दिलेली आहेत. खेळाडू पुरवणारी ‘बफ्स’ ही पलटण १८७६ मध्ये शहरातून हलली. हवा रग्बीला मानवणारी नव्हती. टेनिस आणि पोलो त्या मानाने सोयीचे, आणि प्रतिष्ठेचेही. पण सगळ्यात मोठा घाव बसला तो फुकटचा बार बंद झाल्यावर. सभासदांना मोफत दारू देणं क्लबला परवडेना, ते थांबवलं आणि सभासदसंख्या धाडकन खाली आली. १३७ जणांपैकी किती जण चेंडूसाठी येत होते आणि किती जण पेल्यासाठी, हे त्यावरून ताडता येतं. कुठलाही हौशी क्लब चालवलेल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. मैदानावरचे पंधरा जण टिकवायचे तर मैदानाबाहेरच्या शंभरांना काहीतरी द्यावं लागतं.

क्लब मोडला तरी बँकेत पैसे शिल्लक होते. इतर क्लबांनी अशा वेळी ते वाटून घेतले असते, नाहीतर एक जंगी मेजवानी उडवली असती. क्लबचे कप्तान, चिटणीस आणि खजिनदार अशी तिन्ही पदं सांभाळणारे जी. ए. जेम्स रॉथनी यांनी २० डिसेंबर १८७७ रोजी रग्बी युनियनला पत्र लिहून वेगळाच प्रस्ताव ठेवला: या पैशांतून एक फिरता चषक करू, त्यासाठी दरवर्षी स्पर्धा व्हावी आणि क्लबची आठवण राहावी. युनियनने होकार दिला. बँकेतली रक्कम चांदीच्या रुपयांत काढली गेली, ते रुपये वितळवले आणि हिंदी कारागिरांनी त्यांचा चषक घडवला. तेव्हाचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा. राणीचं तोंड असलेल्या नाण्यांचे नाग आणि हत्ती झाले. १८७८ मध्ये चषक लंडनला पोचला.

रॉथनींच्या मनात काय असावं, हे ओळखणं अवघड नाही. १८७१-७२ पासून इंग्लंडमध्ये फुटबॉलचा एफए कप सुरू झाला होता. क्लबा-क्लबांत बाद फेरीची स्पर्धा, अंतिम सामन्याला गर्दी, चषकाभोवती चुरस. एका हौशी क्लबाने दिलेला चषक हौशी क्लबांतच फिरावा, ही अपेक्षा साहजिक होती. रग्बी युनियनला तेच नको होतं. चुरस आली की गर्दी येते, गर्दीबरोबर तिकिटाचा पैसा येतो, आणि पैसा आला की खेळाडू हात पुढे करतात, अशी त्यांना भीती. खेळ सद्गृहस्थांचा राहिला पाहिजे! म्हणून चषक क्लबांना न देता इंग्लंड-स्कॉटलंडच्या वार्षिक सामन्याला जोडला गेला. १० मार्च १८७९ रोजी एडिंबरोच्या रेबर्न प्लेस मैदानावर पहिला सामना झाला, तो बरोबरीत सुटला. पुढच्या वर्षी इंग्लंडने तो जिंकला.

हौशीपणाचा हा सोवळेपणा युनियनला महागात पडला. उत्तर इंग्लंडच्या गिरण्या आणि खाणींत राबणारे खेळाडू शनिवारी खेळायला गेले की मजुरी बुडे. ती भरून द्यायला युनियनने नकार दिल्यावर ऑगस्ट १८९५ मध्ये तिकडचे क्लब फुटून निघाले आणि त्यातून रग्बी लीग हा वेगळा खेळच जन्माला आला. कलकत्त्याच्या मंडळींना जशी स्पर्धा हवी असावी तशी, म्हणजे इंग्लिश क्लबांची बाद फेरी, रग्बी युनियनने सुरू केली ती १९७१-७२ मध्ये. रॉथनींच्या पत्राला तेव्हा जवळजवळ ९४ वर्षं झाली होती. १९९५ मध्ये तर युनियनच्या रग्बीनेच पैसे घ्यायची उघड मुभा दिली.

चषकाचं पुढचं आयुष्य फार सोवळं गेलं नाही. १९८८ मध्ये एडिंबरोतल्या सामन्यानंतरच्या रात्री दोन्ही संघांतला एकेक खेळाडू तो घेऊन शहरभर फिरला, रस्त्यावर त्याला लाथाही बसल्या आणि चांदी चेपली. फुकटच्या बारपायी सभासद गमावलेल्या क्लबच्या चषकाला साजेसंच म्हणायचं. तो दुरुस्त झाला, पण चांदी नाजूक झाली आहे, त्यामुळे आता बऱ्याचदा त्याची प्रतिकृतीच मिरवते.

इकडे कलकत्त्यात, क्लब शेवटच्या घटका मोजत होता त्याच १८७७ साली, नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी नावाच्या लहान मुलाने मैदानावर गोऱ्यांचा खेळ पाहिला, अशी कथा बंगालमध्ये सांगतात. बाहेर आलेला चेंडू त्याने लाथ मारून परत दिला, मग शाळेतल्या दोस्तांकडून वर्गणी काढून चेंडू विकत आणला. तो निघाला रग्बीचा. प्रेसिडेन्सी कॉलेजच्या स्टॅक नावाच्या प्राध्यापकांनी ती चूक दाखवली, गोल चेंडू आणून दिला आणि पोरांना फुटबॉल शिकवला. तिखटमीठ लागलेली असेल, तरी ही कथा मला मार्मिक वाटते. बंगालने लंबगोल चेंडू हातात घेऊन पाहिला आणि बाजूला ठेवला.

क्लब मात्र मेला नव्हता. १८८४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. १८९० मध्ये क्लबांमधल्या स्पर्धेसाठी त्याने स्वतःच वेगळा चषक ठेवला. लोक त्यालाही कलकत्ता कपच म्हणू लागले. लंडनने जे केलं नाही ते घरच्या घरी झालं. त्याचबरोबर वाऱ्याची दिशा ओळखून क्लब गोल चेंडूकडेही वळला. १८९९ मध्ये त्याने कलकत्ता फुटबॉल लीग जिंकली. आणि २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानच्या अकरा जणांनी, त्यांतले दहा अनवाणी, ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून आयएफए शील्ड ही फुटबॉलची स्पर्धा जिंकली, ती याच क्लबच्या मैदानावर. त्या दिवसानंतर कलकत्त्यात कुठला खेळ राज्य करणार हा प्रश्नच उरला नाही.

रग्बी मग मूठभरांची राहिली. त्या मुठीत अर्मेनियन लोक होते, हे विशेष. १८२१ मध्ये स्थापन झालेल्या अर्मेनियन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी कोलकात्याच्या रग्बीत वर्षानुवर्षं दरारा ठेवला. ला मार्टिनियर शाळेची मुलं होती, पोलिसांचा संघ होता. मुंबईकडे याचं दुसरं टोक बॉम्बे जिमखान्यात. हा जिमखाना १८७५ चा. क्रिकेटच्या इतिहासात तो १९३३ मधल्या भारतातल्या पहिल्या कसोटीमुळे आणि लाला अमरनाथ यांच्या शतकामुळे अमर झाला, पण पावसाळ्यात त्याच मैदानावर रग्बी चालते. कारण साधं आहे: टणक जमिनीवर टॅकल झाला तर हाड मोडतं, चिखलात फक्त कपडे जातात. अर्थात मुंबईकराला पावसात कांगा लीगचं क्रिकेटही खेळायचं असतंच. १९२४ पासून अखिल भारतीय रग्बी स्पर्धा सुरू झाली आणि मुंबई-कलकत्ता ही चुरस तिचा कणा बनली.

१९६५ मध्ये कलकत्ता फुटबॉल क्लब १७९२ च्या कलकत्ता क्रिकेट क्लबमध्ये विलीन झाला. बालीगंजमधला आजचा ‘सीसी अँड एफसी’ तो हाच. दुसऱ्या खेपेला जन्मलेला क्लब त्या नावात अजून जिवंत आहे.

भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना व्हायला मात्र १९९८ उजाडलं, समोर सिंगापूर. त्या संघात मुंबईचा अभिनेता राहुल बोस होता. त्याच सुमारास, १९९९ मध्ये, बॉम्बे जिमखान्यावर रग्बी खेळणाऱ्या मॅथ्यू स्पेसी यांनी जवळच्या फुटपाथवरच्या मुलांना खेळात ओढलं आणि ‘मॅजिक बस’ ही संस्था उभी राहिली. कोलकात्यात रस्त्यावरच्या मुलांसाठी १९८७ पासून काम करणाऱ्या ‘फ्यूचर होप’नेही रग्बीला हाताशी धरलं होतं, आणि २००४ मध्ये पॉल वॉल्श या ब्रिटिश माजी राजनैतिक अधिकाऱ्यांनी ‘जंगल क्रोज’ हा क्लब काढला. मैदानावर जमणाऱ्या वस्तीतल्या पोरांना त्यांनी संघात घेतलं. या क्लबचे प्रशिक्षक पुढे उत्तर बंगालच्या सरस्वतीपूर चहामळ्यातही गेले, आणि तिथल्या मजुरांच्या मुली भारतीय संघापर्यंत पोचल्या. १८७३ मधल्या १३७ सभासदांच्या यादीत यांच्यापैकी एकाच्याही आजा-पणजाला जागा मिळाली नसती.

जून २०२५ मध्ये मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर, सहा व्यावसायिक संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली. परदेशी खेळाडू मानधन घेऊन आले, सामने टीव्हीवर दिसले. कोलकात्यातले आणि मुंबईतले क्लब मात्र अजून हौशीच आहेत.