न्याय्य युद्ध आणि क्रूसेड: दोघांनाही ‘धर्मयुद्ध’ म्हणणं थांबवा

‘क्रूसेड’चं, म्हणजे मध्ययुगात युरोपातल्या ख्रिस्ती लोकांनी जेरुसलेमसाठी काढलेल्या मोहिमांचं, भाषांतर धर्मयुद्ध, ‘जस्ट वॉर’चंही, म्हणजे न्याय्य ठरणाऱ्या युद्धाचंही, धर्मयुद्ध, आणि कुरुक्षेत्रावरचं तर धर्मयुद्ध आहेच. एकच शब्द तीन घरी राबवला की घोळ होणारच. कुरुक्षेत्राचं वेगळं सांगायला नको. निःशस्त्रावर वार नाही वगैरे नियम आणि ते कुणी कसे मोडले, हे सगळ्यांना पाठ आहे.

राहिले ख्रिस्ती परंपरेतले दोन प्रकार. न्याय्य युद्धासाठी ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात तीन अटी मांडल्या: युद्ध पुकारणारा अधिकृत राज्यकर्ता हवा, कारण न्याय्य हवं, हेतू शुद्ध हवा. क्रूसेड पोप पुकारायचा. जाणारा शपथ घेऊन कपड्यावर कापडी क्रूस शिवायचा. हे फरक वरवरचे. ‘एक बचावाचं, दुसरं आक्रमणाचं’ ही विभागणी तर टिकतच नाही, कारण क्रूसेडला निघालेलेही पूर्वेकडच्या ख्रिस्ती बांधवांच्या रक्षणाचंच कारण द्यायचे.

खरी मेख पुढे आहे. माणसं मारून परतलेल्या सैनिकाला चर्च काय सांगतं?

१०६६ साली इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम जिंकला. त्यानंतर नॉर्मन बिशपांनी आपल्याच विजयी सैनिकांना प्रायश्चित्तं लावली. ठार केलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष. घाव घातला पण पुढे तो मेला की जगला ठाऊक नाही, तर माणशी चाळीस दिवस. धनुर्धाऱ्याला आपला बाण कुणाला लागला हे कळणार कसं? त्याला सरसकट तीन उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस-चाळीस दिवस). आकडाच आठवत नसेल तर जन्मभर आठवड्याला एक दिवस, नाहीतर चर्च बांधून द्या. चौथ्या शतकात बिशप बेसिलनेही असाच सल्ला दिला होता: युद्धात रक्त सांडलेल्यांनी तीन वर्षं ख्रिस्तप्रसाद (चर्चमधल्या उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) घेऊ नये. पुढे ही प्रायश्चित्तं मागे पडली, पण धर्मपंडित ऑगस्टीनने आधीच मांडलेली धारणा टिकली: शहाणा माणूस न्याय्य युद्धही नाइलाजाने आणि दुःखाने लढतो.

हेस्टिंग्जनंतर जेमतेम २९ वर्षांनी, १०९५ मध्ये, फ्रान्समधल्या क्लेरमाँच्या धर्मसभेत गणित उलटलं. मान किंवा पैशासाठी न जाता निव्वळ भक्तीने जेरुसलेमकडे जाईल, त्याची ती मोहीमच सगळ्या प्रायश्चित्ताच्या जागी धरली जाईल, असं ठरलं. कालपर्यंत लढाईबद्दल प्रायश्चित्त होतं, आता लढाई हेच प्रायश्चित्त. बाराव्या शतकात क्लेरव्होच्या मठाचा प्रमुख बर्नार्ड आणखी पुढे गेला: ख्रिस्तासाठी दुष्टाला मारणारा नरहत्या करत नाही, दुष्टपणाची हत्या करतो.

इथे आणखी एक चूक हमखास होते. ‘क्रूसेडला गेलं की सगळी पापं माफ’ असं सर्रास लिहिलं जातं. माफ व्हायचं ते प्रायश्चित्त. पापनिवेदन, म्हणजे पाद्र्यापुढे पाप कबूल करणं, चुकत नव्हतं.

तेव्हा ‘जस्ट वॉर’ला न्याय्य युद्ध म्हणा आणि क्रूसेडला क्रूसेडच. पोप, बिशप, चर्च हे शब्द मराठीत सुखाने नांदतातच, त्यात आणखी एकाची भर पडल्याने काही बिघडत नाही.