एट्सी-ईबेवरची ऑर्डर परदेशात पाठवायचीय? आयईसीपासून पोस्टाच्या काउंटरपर्यंत काय काय लागतं

एट्सी किंवा ईबेवर दुकान उघडायला फार वेळ लागत नाही, ऑर्डर पण येते, आणि मग कुरियरवाला विचारतो "आयईसी आहे का?" आणि तिथेच गाडी अडते. आयईसी म्हणजे आयात-निर्यात करण्यासाठी सरकार देतं तो कोड नंबर. मार्केटप्लेस फक्त गिऱ्हाईक आणून देतं हो, कस्टमच्या लेखी निर्यातदार तुम्हीच, मग कोल्हापुरीचा एक जोड पाठवा नाहीतर कंटेनर भरून पाठवा. म्हणून कागद आधी, लिस्टिंग नंतर.

आयईसी कोणाला मिळतो, तर पॅन असलेल्या कोणालाही. उलाढालीची अट नाही, कंपनी काढायची गरज नाही, घरून धंदा करणाऱ्यांना प्रोप्रायटर म्हणून मिळतो. डीजीएफटीच्या (केंद्राचं परकीय व्यापार खातं) साइटवर ऑनलाइन अर्ज, फी ५०० रुपये, आणि नंबर म्हणजे तुमचा पॅनच. पॅन, पत्त्याचा पुरावा (लाइट बिल, भाडेकरार वगैरे) आणि कॅन्सल्ड चेक किंवा बँकेचं सर्टिफिकेट एवढं अपलोड करायचं, सही आधार ओटीपीने होते. चेकवर नाव छापलेलं हवं आणि पॅनवरचं नाव, बँकेतलं नाव, जीएसटीतलं नाव एकच हवं, एकीकडे "सौ." आणि आडनाव सासरचं, दुसरीकडे माहेरचं, असं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या कारण पुढे प्रत्येक टप्प्यावर हाच घोळ परत येतो. कोड आयुष्यभर चालतो पण दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये साइटवर जाऊन माहिती कन्फर्म करावी लागते, काही बदल नसला तरी, नाहीतर तो बंद पडतो आणि नेमका ऑर्डरच्या वेळी कळतं.

जीएसटीत निर्यात झीरो रेटेड, म्हणजे शून्य टॅक्सची आहे, पण टॅक्स न भरता माल पाठवायचा तर एलयूटी म्हणजे हमीपत्र भरावं लागतं, फॉर्म आरएफडी-११, जीएसटी पोर्टलवरच, फुकट. ते ३१ मार्चला संपतं, नवीन आर्थिक वर्षाला नवीन. त्यानंतर बँकेकडून एडी कोडचं (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा नंबर) पत्र घ्या. छोट्या गावातल्या शाखेत हे मागितलं की समोरचा बघतच राहतो, तेव्हा सरळ फॉरेक्स करणारी शाखा कुठली ते विचारून तिकडे जा.

आता पाठवायचं कसं. कुरियरने विक्रीचा माल जातो तो सीएसबी-५ वर (सीएसबी म्हणजे कुरियर शिपिंग बिल, कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद), त्याची प्रति पार्सल मर्यादा २०२३ च्या परराष्ट्र व्यापार धोरणाने ५ लाखांवरून १० लाख केली होती, आणि २०२६ च्या बजेटमध्ये ती काढून टाकायचं जाहीर झालं. सीएसबी-४ हा गिफ्ट आणि सॅम्पलसाठी आहे, आणि इथेच काही एजंट सांगतात, "गिफ्ट लिहा, आयईसीची झंझटच नको". अजिबात ऐकू नका. एक तर ते खोटं डिक्लरेशन आहे, आणि दुसरं म्हणजे पैसे तुमच्या खात्यात निर्यातीचे म्हणून येणार पण माल निर्यात झाल्याचा कागदच नसणार, मग जीएसटी रिटर्नमध्ये काय दाखवणार?

पोस्ट बऱ्याचदा स्वस्त पडतं. २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रं सुरू झालीत, त्यांच्या पोर्टलवर आयईसी, जीएसटी, एडी कोड टाकून नोंदणी करायची, पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट घरूनच भरायचं, प्रिंट काढून पार्सलसोबत केंद्रात द्यायचं. कस्टमसाठी मुंबईच्या फॉरेन पोस्ट ऑफिसला खेपा मारायची गरज राहिली नाही, सांगली-सोलापूरकडच्या माणसाला हे किती मोठं आहे ते त्यालाच विचारा.

इनव्हॉइसवर मात्र वेळ घालवा, कारण पार्सल अडकतं ते बहुतेक इथे. नुसतं "हँडीक्राफ्ट" किंवा "फुटवेअर" लिहून भागत नाही. कोल्हापुरी असेल तर लेदर सोल, लेदर पट्ट्यांची, हाताने बनवलेली, पुरुषांची की बायकांची, किती जोड, हे सगळं लिहा आणि एचएस कोड (मालाचा प्रकार सांगणारा आंतरराष्ट्रीय नंबर) टाका. पायाच्या वरून आणि अंगठ्याभोवती लेदर पट्टा असलेल्या चपलांसाठी ६४०३२० हा वेगळा कोडच आहे, तिथे रबरी स्लिपरचा कोड टाकला की पलीकडे ड्युटी बदलते. किंमत गिऱ्हाइकाने जी भरली तीच, ड्युटी वाचवायला कमी लिहू नका.

ड्युटी कोण भरणार हे लिस्टिंगमध्येच स्पष्ट करा. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून काढली, तेव्हा आपल्या पोस्टाने तिकडचं बुकिंग जवळपास थांबवलं होतं, ते ऑक्टोबरमध्ये सुरू झालं ते बुकिंगलाच ड्युटी भरून घ्यायच्या पद्धतीने. दर बदलत राहतात, त्यामुळे प्रत्येक वेळी विचारून मगच शिपिंगचा भाव लावा. युरोपात १५० युरोपर्यंतच्या मालाचा व्हॅट आयओएसएसमधून (आयात मालाचा व्हॅट विक्रीच्या वेळीच भरायची युरोपची व्यवस्था) मार्केटप्लेस कापून घेतं, त्याचा आयओएसएस नंबर पार्सलच्या डेटात गेला नाही तर गिऱ्हाइकाकडे परत व्हॅट मागतात आणि वन स्टार तुम्हाला मिळतो. शिवाय डिसेंबर २०२४ पासून तिकडे बऱ्याच वस्तूंसाठी युरोपातला जबाबदार प्रतिनिधी दाखवावा लागतो. छोट्या विक्रेत्याला हा खर्च परवडतोच असं नाही, आणि एक-दोन ऑर्डरसाठी युरोप बंद ठेवला तर त्यात काही चुकीचं नाही.

जुनी पितळी भांडी, मूर्ती विकणाऱ्यांनी जपून. १०० वर्षांपुढची पुरावस्तू १९७२ च्या कायद्याने खाजगी माणसाला बाहेर पाठवताच येत नाही, आणि वस्तू तेवढी जुनी नसली तरी तशी दिसत असेल तर पुरातत्त्व खात्याचं नॉन-अँटिक्विटी सर्टिफिकेट सोबत लावा. "अँटिक" हा शब्द लिस्टिंगमध्ये हौसेने टाकू नका.

आणि रिटर्न. परत आलेलं पार्सल म्हणजे कस्टमसाठी आयातच. तीन वर्षांच्या आत आलं आणि हाच माल आपण पाठवला होता हे दाखवता आलं तर ड्युटीत सवलत मिळते, त्यासाठी निर्यातीचं बिल, ट्रॅकिंग आणि पॅक करतानाचे फोटो ऑर्डर नंबरच्या फोल्डरमध्ये ठेवा. दोनशे-तीनशेच्या वस्तूला मात्र परत मागवण्यापेक्षा रिफंड देऊन मोकळं झालेलं बरं.