इम्प कुणाचा, गॉब्लिन कुठला?

इंग्रजी गोष्टीत इम्प आला काय नि गॉब्लिन आला काय, आपण दोघांनाही ‘खोडकर भूत’ म्हणून मोकळे होतो. पण दोघांची कुळं अगदी वेगळी आहेत.

इम्प तर मुळात भूत नव्हताच. जुन्या इंग्रजीत ‘इम्पा’ म्हणजे झाडाचा कोवळा धुमारा, कलमासाठी घेतलेली डहाळी. ससाण्याच्या पंखात तुटलेल्या पिसाच्या जागी दुसरं पीस बसवतात, त्यालाही ससाणे पाळणारे आजतागायत ‘इम्पिंग’च म्हणतात. झाडाचा धुमारा तसा घराण्याचाही, म्हणून इम्प म्हणजे वंशाचा अंकुर, मूल. वॉरिकच्या सेंट मेरी चर्चमध्ये १५८४ साली बालपणीच वारलेल्या एका उमरावपुत्राची कबर आहे; तिच्यावरच्या लेखात त्याला ‘नोबल इम्प’ म्हटलंय. त्यात केवढी माया आहे!

मग धर्मोपदेशक दुर्जनांना ‘सैतानाचा इम्प’, म्हणजे सैतानाची पिल्लावळ, म्हणू लागले. पुढे सैतान गळून पडला आणि बदनामी तेवढी इम्पला चिकटली. इंग्लंडमधल्या चेटूक-खटल्यांत तर तो चेटकिणीने पाळलेला सैतानी प्राणी झाला. १६४५ मध्ये चेटकिणी हुडकणाऱ्या मॅथ्यू हॉपकिन्सने एसेक्समध्ये एलिझाबेथ क्लार्क या वृद्धेची चौकशी केली, तेव्हा तिच्या इम्पांची ‘व्हिनेगर टॉम’सारखी नावंही नोंदली गेली. तिला फाशी झाली. ज्या शब्दाने लेकराला गोंजारलं, त्याच शब्दाने एका म्हातारीचा जीव घ्यायला हातभार लावला, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

गॉब्लिन इंग्रजीत आला फ्रेंचमधून. बाराव्या शतकात ऑर्डेरिक व्हिटालिस या भिक्षूने नॉर्मंडीतल्या एव्र्यू गावात वावरणाऱ्या ‘गोबेलिनुस’ नावाच्या भुताची नोंद केली आहे. जर्मन ‘कोबोल्ड’शी त्याचं नातं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. हा कोबोल्ड घरात राहायचा, खाणीतही. चांदी न देणारं, भट्टीत विषारी धूर सोडणारं खनिज म्हणजे त्याचीच करणी, असं खाणकामगार समजत. त्यावरूनच कोबाल्ट धातूला नाव मिळालं.

इम्प ओळखायचा तो धन्यावरून: सैतानाचा, चेटकिणीचा, कुणाचा तरी. गॉब्लिनला धनी नसतो, जागा असते. हॉबगॉब्लिन हा गॉब्लिनचाच भाऊबंद, पण त्यातलं ‘हॉब’ हे रॉबर्ट किंवा रॉबिनचं लाडाचं नाव. इंग्रज खेड्यांत हॉब रात्री गुपचूप घरकाम उरकून जातो, अशी समजूत होती.