नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस क्लायंटची जोडणी

दुसऱ्या यंत्रावरची डिस्क, डिस्कचा एखादा भाग किंवा डिस्कसारखी वापरायची मोठी फाइल नेटवर्कवरून आपल्या लिनक्स यंत्रात आणायची आणि ती घरचीच डिस्क असल्यासारखी वापरायची, या सोयीला नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस किंवा एनबीडी म्हणतात. डिस्क देणारे यंत्र सर्व्हर आणि घेणारे क्लायंट. पावेल माखेक या चेक प्रोग्रॅमरने १९९७ साली लिनक्स २.१.५५ च्या काळात ही सोय तयार केली. सर्व्हर आणि क्लायंटच्या प्रोग्रॅमची देखभाल पुढे वाउटर व्हेरहेल्स्ट यांच्याकडे आली. एनबीडीसाठी १०८०९ हा टीसीपी पोर्ट नोंदलेला आहे.

एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वाटून देण्याची सोय) आणि एनबीडी यांत गल्लत होते, ती आधी दूर केलेली बरी. एनएफएसमध्ये फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची व्यवस्था, सर्व्हरकडे असते. क्लायंट ‘अमुक फाइल दे’ म्हणतो आणि कोणी काय लिहायचे याचा मेळ सर्व्हर घालतो. एनबीडीमध्ये सर्व्हरला फाइल ठाऊकच नसते, तो फक्त ‘इथून इतके बाइट वाच, तिथे इतके लिही’ एवढे ऐकतो. फाइल सिस्टीम क्लायंटच्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात चालते. म्हणून ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस या नेहमीच्या फाइल सिस्टीम असलेली एकच डिस्क दोन क्लायंटनी लिहिण्यासाठी माउंट केली (वापरासाठी फोल्डराला जोडली), तर ती बिघडणारच. मोंढ्यातल्या एकाच गोदामाचा हिशेब दोन मुनीम एकमेकांना न सांगता आपापल्या वहीत लिहू लागले तर जे होईल, तेच इथे होते. अनेकांनी एकाच वेळी लिहायचे असेल तर जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ यांसारखी क्लस्टर फाइल सिस्टीम लागते. नाहीतर डिस्क सर्वांना फक्त वाचण्यापुरती द्यावी.

फक्त वाचायला देण्याची पद्धत लॅबच्या फार उपयोगाची आहे. बीड, जालना किंवा हिंगोलीतल्या एखाद्या तंत्रनिकेतनात जुनी, हार्ड डिस्क गेलेली पण बाकी ठणठणीत यंत्रे असतील, तर ती नेटवर्कवरून बूट करून एकाच सर्व्हरवरच्या स्क्वॉशएफएस प्रतिमेवर (फक्त वाचायच्या, दाबून लहान केलेल्या डिस्क-फाइलवर) चालवता येतात. एलटीएसपी या थिन क्लायंट (सर्व्हरच्या भरवशावर चालणारी साधी यंत्रे) प्रणालीची पाचवी पिढी हेच करायची. क्लायंटला ती प्रतिमा एनबीडीने मिळू शकत असे. विद्यार्थ्याने काहीही उलटेसुलटे केले तरी यंत्र पुन्हा सुरू केले की सगळे पूर्ववत.

प्रत्यक्ष जोडणी दोन मिनिटांची आहे. आधी ‘मॉडप्रोब एनबीडी’ या आज्ञेने कर्नल मॉड्यूल चढवायचे. त्याने एनबीडी० ते एनबीडी१५ अशी सोळा रिकामी डिव्हाइस तयार होतात, जास्त हवी असतील तर मॉड्यूलला तसा आकडा द्यावा लागतो. मग ‘एनबीडी-क्लायंट’ या आज्ञेला सर्व्हरचा पत्ता, मोठ्या ‘एन’ पर्यायाने एक्सपोर्टचे (सर्व्हर देऊ करत असलेल्या डिस्कचे) नाव आणि कोणत्या डिव्हाइसवर जोडायचे ते सांगायचे. पूर्वी प्रत्येक एक्सपोर्टला वेगळा पोर्ट लागे. जोडणीच्या सुरुवातीला होणाऱ्या नव्या हस्तांदोलनात (हँडशेकमध्ये) सगळे एक्सपोर्ट एकाच पोर्टवर नावाने ओळखले जातात, त्यामुळे जुन्या पुस्तिकेतून उतरवलेली पोर्ट क्रमांकाची आज्ञा आज चालत नाही. सर्व्हरने परवानगी दिली असेल तर छोट्या ‘एल’ पर्यायाने एक्सपोर्टची यादीही दिसते. नवख्याला हमखास चकवणारी गोष्ट म्हणजे न जोडलेल्या डिव्हाइसचा आकार शून्य असतो आणि डिस्कची यादी दाखवणारी ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा शून्य आकाराची डिव्हाइस दाखवत नाही. मॉड्यूल चढूनही यादी रिकामी दिसली म्हणून घाबरू नये, जोडणी झाली की डिव्हाइस दिसू लागते.

खरे काम कायमच्या जोडणीत आहे आणि मराठवाड्यात ते विजेशी बांधलेले आहे. लाईट जाते, येते आणि आली की सगळी यंत्रे एकदम उठतात. क्लायंट लवकर तयार होतात, सर्व्हर डिस्कची तपासणी करत मागे राहतो. अशा वेळी क्लायंटने काय करावे हे आधीच लिहून ठेवावे लागते. इटीसी फोल्डरातल्या ‘एनबीडीटॅब’ फाइलमध्ये एका ओळीत डिव्हाइस, सर्व्हर, एक्सपोर्ट आणि पर्याय येतात. त्यावरून सिस्टमडी, म्हणजे बूट होताना सेवा सुरू करणारी यंत्रणा, ‘एनबीडी@एनबीडी०’ नावाची सेवा चालवते. बूट होताना कोणत्या डिस्क माउंट करायच्या याची यादी असलेल्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये माउंटच्या ओळीत दोन शब्द विसरू नयेत. ‘_नेटडेव्ह’मुळे नेटवर्क येईपर्यंत माउंटची घाई होत नाही. ‘नोफेल’मुळे डिस्क न मिळाली तरी यंत्र पुढे बूट होते. हे दोन्ही शब्द नसतील तर सिस्टमडी ठरावीक ९० सेकंद वाट पाहते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये अडकते. अशी यंत्रे एकेक करून कीबोर्डवरून सोडवत बसणे हा लॅब असिस्टंटचा सकाळचा पहिला तास खाणारा उद्योग आहे.

चालू कामात जोडणी तुटली तर काय, हा पुढचा प्रश्न. काहीच सांगितले नसेल तर अडकलेल्या विनंत्यांना चूक मिळते आणि फाइल सिस्टीमला डिस्क मेल्यासारखे वाटते. सेटिंग तसे असेल तर ईएक्सटी४ स्वतःला फक्त वाचण्याच्या स्थितीत नेते. ‘पर्सिस्ट’ पर्याय दिला की क्लायंट पुन्हा जोडण्याचा प्रयत्न करतो. मात्र अलीकडच्या आवृत्त्या कर्नलशी नेटलिंक या अंतर्गत मार्गावरून बोलतात आणि तिथे या पर्यायाचे वागणे बदलते, म्हणून बसवलेल्या आवृत्तीचे मॅन पान (आज्ञेची माहितीपुस्तिका) वाचल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवू नये. ‘टाइमआउट’चे सेकंदही विचार करून द्यावेत. फार कमी ठेवले तर जरा अडखळल्यावर चुका, फार जास्त ठेवले तर प्रोग्रॅम ताटकळत बसतात. इथे पैसे वाचवण्याची एक चुकीची जागा आहे: सर्व्हरला यूपीएस आणि मधला स्विच थेट भिंतीच्या सॉकेटवर. लाईट गेली की सर्व्हर जिवंत राहतो, क्लायंटही इन्व्हर्टरवर असतात, आणि जोडण्या मात्र सगळ्या तुटतात. स्विचला फारच थोडी वीज लागते, त्याला यूपीएसवर जागा मिळायलाच हवी.

सर्व्हरच बंद पडला तर नुकसान किती, हे सर्व्हर ‘फ्लश’ आणि ‘एफयूए’ या क्षमता जाहीर करतो की नाही यावर ठरते. त्या जाहीर असतील तर क्लायंटचे कर्नल ‘आता हे खरोखर डिस्कवर टाक’ असे सांगू शकते. नसतील तर लिहिले म्हणून मिळालेली पोच सर्व्हरच्या मेमरीपुरतीच असू शकते.

अंतराचाही विचार हवा. एका इमारतीत गिगाबिट केबलवर एनबीडी उत्तम चालते. विद्यापीठाचे मुख्य आवार नांदेडला आणि उपकेंद्र लातूरला, अशा दोन टोकांत मात्र प्रत्येक छोटी विनंती लांबची फेरी करून येते, आणि छोट्या छोट्या लेखनाने भरलेला डेटाबेस तिथे रांगू लागतो. अशा ठिकाणी फाइलींची प्रत रात्री पाठवणे बरे.

टीएलएस या सांकेतिक आवरणाशिवाय एनबीडीचा मजकूर उघडा जातो आणि क्लायंटची ओळख पटवण्याचीही खरी सोय नसते. सर्व्हरवर परवानगीच्या आयपी पत्त्यांची यादी ठेवता येते, पण ती कुलपाच्या लायकीची नाही. म्हणून एक तर प्रमाणपत्रांसह टीएलएस वापरावे, नाहीतर साठवणुकीसाठी वेगळे व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा काढलेला भाग) ठेवून १०८०९ पोर्ट बाहेरच्या जगाला बंद करावा. वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमचे क्लायंट जोडायचे असतील किंवा पासवर्डने ओळख पटवणे हवे असेल, तर ३२६० पोर्टवर चालणारी, नेटवर्कवरून डिस्क देण्याची दुसरी पद्धत आयस्कझी अधिक सोयीची पडते, फक्त तिची मांडणी बरीच पाल्हाळीक आहे.

जोडणी काढताना आधी अनमाउंट आणि मग छोट्या ‘डी’ पर्यायाने डिव्हाइस मोकळे करायचे. हा क्रम उलटला तर मेमरीत राहिलेले लेखन हरवते. यंत्राची मूळ फाइल सिस्टीमच एनबीडीवर असेल तर बंद होताना क्लायंटची प्रक्रिया सर्वांत शेवटपर्यंत जगली पाहिजे, नाहीतर यंत्र स्वतःची डिस्क स्वतःच तोडते आणि पडदा तिथेच गोठतो. आणखी एक बंधन असे, की सर्व्हर आणि क्लायंट एकाच यंत्रावर चालवून त्या डिस्कवर लिहू नये. मेमरी कमी पडली की कर्नल लेखन संपण्याची वाट पाहते, लेखन सर्व्हरला मेमरी मिळण्याची, आणि दोघेही अडकून बसतात.