ख्रिस्ती कीर्तन (सातारा-सांगली)

देवाची मनापासून स्तुती करायची आणि त्याने काय काय केलं ते चारचौघांना सांगायचं, ही दोन्ही कामं एकाच बैठकीत करणारा आपल्याकडचा प्रकार म्हणजे कीर्तन, आणि तेच बायबलमधल्या वचनावर आणि कथेवर उभं केलं की ख्रिस्ती कीर्तन. सातारा-सांगलीकडच्या माणसाला कीर्तन काय असतं ते सांगायला नको, गावोगावी सप्ताह चालू असतात, म्हणून इथे वेगळं काय तेवढंच बघू.

आधार बऱ्याचदा स्तोत्रसंहितेचा, म्हणजे बायबलमधलं १५० स्तोत्रांचं पुस्तक. त्यातलं ९वं स्तोत्र सुरूच असं होतं की मी पूर्ण मनाने परमेश्वराचं स्तवन करीन आणि त्याची अद्भुत कामं सांगेन. मथळ्यात इस्राएलच्या दावीद राजाचं नाव आहे म्हणून परंपरेने ते साधारण इ.स.पू. १०व्या शतकात नेतात, पण मथळे मागाहून जोडले असावेत असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे त्यामुळे काळ सैलच धरलेला बरा. दुसरा वाद म्हणजे ९वं आणि १०वं ही मुळात दोन स्तोत्रं की एक? हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने कडवी सुरू होतात, ती साखळी ९ मध्ये चालू होऊन १० च्या शेवटी पूर्ण होते (मधली काही अक्षरं गळालीत), आणि जुन्या ग्रीक भाषांतरात तर दोन्ही मिळून एकच नंबर आहे, म्हणून तिथून पुढचे बरेचसे नंबर एकाने मागे पडतात. एकच असावं हे जास्त पटतं. १०व्यात एकदम गाऱ्हाणं सुरू होतं की देवा तू लांब का उभा राहतोस, त्यामुळे काहींना सांधा बसत नाही असं वाटतं, पण स्तुती आणि तक्रार एका दमात करणं अभंग ऐकून मोठं झालेल्याला अजिबात खटकायचं नाही.

मराठीत ख्रिस्ती कीर्तन सुरू कोणी केलं यावरही दोन मतं. लोकांच्या तोंडी नाव येतं ते ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांचं (१८६१–१९१९). पण टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, आणि अमेरिकन मराठी मिशन या धर्मप्रचारक संस्थेचं काम अहमदनगरला १८३१ पासून चालू, तिथले कृष्णराव सांगळे टिळकांच्या आधीपासून ख्रिस्ती कीर्तनं करत होते. तारखा बघितल्या तर सुरुवातीचा मान सांगळ्यांकडे जातो, टिळकांनी त्यात अभंगाचं वजन आणलं. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे, ते पदांमध्ये दिसतंच.

बांधणी नारदीय पद्धतीची. आधी नमन, मग पूर्वरंगात एक वचन किंवा पद घेऊन निरूपण, मग उत्तररंगात आख्यान, मधे साकी, दिंडी, आर्या अशा वृत्तांतली पदं, साथीला पेटी, तबला, झांज. आख्यानाला उधळ्या पुत्र, दावीद आणि गल्याथ, नामान असल्या कथा चालतात. नामानाचीच घ्या: अरामचा (जुन्या सिरियाचा) सेनापती, अंगावर कोड, आणि त्याच्या घरात लढाईत पकडून आणलेली एक इस्राएली पोरगी. तीच मालकिणीला म्हणते की आमच्याकडच्या संदेष्ट्याकडे धनी गेले असते तर त्यांचं कोड बरं झालं असतं. पुढे रथ, घोडे, नजराणे, यार्देन नदीत सात बुड्या मारून बरं होणं, हे सगळं रंगवायला कीर्तनकाराला मोकळं रान मिळतं, पण आख्यानाचा खरा जीव त्या पोरीच्या एका वाक्यात असतो, कारण देव काय करतो ते सांगायचं काम तिने केलं आणि तिचं नावसुद्धा ग्रंथात नाही.

साताऱ्याचा संबंध दोन बाजूंनी येतो. एक म्हणजे इथली जमीन आधीच नांगरलेली, रामदासांनी (१६०८–१६८२) दासबोधाच्या चौथ्या दशकात दुसरा समास कीर्तनभक्तीलाच दिलाय आणि मिरजेच्या मठातल्या वेणाबाई स्वतः कीर्तन करायच्या असं परंपरा सांगते. दुसरं म्हणजे टिळक स्वतः. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला आले आणि ‘देवाचा दरबार’ काढला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र बसतील अशी कल्पना, परदेशी मिशनच्या पैशावर न चालणारी आणि चालीरीतीने पक्की देशी. अशा ठिकाणी भजन-कीर्तन मधोमध असणार हे ओघानेच आलं. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये टिळक मुंबईला वारले आणि दरबार पुढे फार टिकला नाही. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तावरचं काव्य पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं.